हवेतली वेणी

तंत्रज्ञ मुलीने चित्र थांबवलं तेव्हा हिरो सायकलसकट हवेत होता. मागे वसतिगृहाची गच्ची सुटलेली, पुढे प्राचार्यांच्या भाषणाचा मंडप अजून यायचा. पाय पेडलवर, हात हँडलवर, जीव मधल्यामध्ये कुठेतरी.

"हे बघा." तिने हवेतल्या हिरोच्या मानेमागे लाल गोल काढला. "आधी मला वाटलं, कॅमेऱ्यात केस अडकलाय. जुन्या निगेटिव्हवर असे पुष्कळ असतात, मी दिवसभर तेच पुसत असते. पण अडकलेला केस एका जागी थरथरतो. हा सरांबरोबर उडतोय."

सर म्हणजे हिरो शेजारीच बसला होता. डोक्यावर एकही काळा केस उरला नव्हता, तरी खालच्या दरवानापासून सगळे त्याला अजून हिरोच म्हणायचे. पलीकडच्या खुर्चीवर एक सडपातळ म्हातारी पर्स मांडीत धरून पडद्याकडे बघत होती.

"तो केस नाही," ती म्हणाली. "वेणी आहे."

"वेणी? सरांना?"

हिरोने घसा खाकरला. "पुसायची की ठेवायची, ते सांगतो. आधी रेकॉर्डिंग होऊ दे."

"संध्याकाळपर्यंत सांगा हं. डिस्क पुढे जायचीय. पुसली तर कुणाला कळणारसुद्धा नाही, एवढंसं तर काम." मुलगी माईक लावायला आतल्या खोलीत गेली.

कॉलेजातल्या धिंगाण्याचा तो जुना सिनेमा कंपनी नव्याने काढत होती, घरी बसून बघायला. एकेक चित्र धुऊन-पुसून लख्ख केलेलं. वर हिरोच्या आठवणीही त्याच्याच आवाजात जोडायच्या होत्या. सिनेमा चालेल तसतसा तो बोलत जाणार. लोकांना त्यातली एकच आठवण हवी होती, उडीची.

"फोनवर काय बोललास? 'तुझी वेणी सापडली.' मला वाटलं, म्हातारा चळला," म्हातारी म्हणाली.

"चळलोच होतो, खारूताई."

हे नाव तिला फाइट मास्तरांनी ठेवलं होतं. ती होती कपडेपटात, काजं-बटणं करणारी. पण बांबूवर सरसर चढून पडदे बांधायची. उंची हिरोएवढी, अंगाने त्याच्यासारखीच काटकुळी. उडीच्या दिवशी हिरोने कच खाल्ली, ठरलेला डुप्लिकेट आलाच नाही, आणि मास्तरांनी वर बघून तिला हाक मारली. तिच्या डोक्यावर आखूड केसांचा टोप चढला, वेणी आत खुपसली गेली. खाली उतरल्यावर मास्तर पाठ थोपटून म्हणाले, "शाब्बास. आता विसरून जा. पडद्यावर आपण नसतोच."

ती विसरली नाही, पण बोललीही नाही. घरात नाही, दारात नाही.

"जुन्या पडद्यावर कुणाला दिसली नाही ती," खारूताई म्हणाली.

"जुन्या पडद्यावर मीही देखणा दिसायचो. आता गालावरच्या पावडरचे थर मोजून घे."

ती हसली नाही. उठून पडद्यापाशी गेली. "चेहरा मोठा करता येतो?"

हिरोने मुलीला करताना पाहिलं होतं. त्याने चाचपडत एक बटण दाबलं, मग दुसरं. टोपाखालचा चेहरा जवळ आला, आणखी जवळ आला, आणि सगळा पडदा भरून राहिला.

खारूताईचा हात पदराशी थबकला. आपण त्या दिवशी भ्यालो होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कितीदा तरी झोपेतून ती त्याच भीतीने उठली होती. आणि पडद्यावरची पोर तर तोंडभर हसत होती. दात दिसत होते, डोळे मिटले नव्हते. पाखरू फांदी सोडतं, तशी तिने गच्ची सोडली होती.

"मी हसतेय," ती म्हणाली.

"मलाही परवाच कळलं."

मग ती पडद्याकडेच तोंड ठेवून म्हणाली, "हिरो, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. ही राहू दे."

"आणि मी आजवर सांगत आलो, त्याचं काय करू?" हिरोचा आवाज बारीक झाला. "पहिल्यांदा मी नव्हतं सांगितलं गं. पेपरात कुणीतरी छापलं. मग लोक विचारायला लागले. मग सांगता सांगता माझ्याच पायाखाली गच्ची यायला लागली. नातवंडांना सांगितलंय मी."

"मग पूस. पण मला बोलावून कशाला पुसतोस?"

तेवढ्यात दार उघडलं आणि हेल्मेट काखेत मारून खारूताईची लेक आत आली. हिरोने घाईने बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"सर! आई म्हणाली, कपडेपटाचं काहीतरी विचारायचंय म्हणून बोलावलंय. म्हटलं, मीच नेते तुला, मीच आणते. सर, तुमच्यामुळे माझा एक दात गेलाय, माहितेय?"

"माझ्यामुळे?"

"तुमची उडी बघून मी सायकल घेतली आणि जिन्यावरून सोडली! दात पडला तो पडला, वर आईचा मार. जन्मात एकदाच मारलंय तिने मला, त्या दिवशी. आणि मारून झाल्यावर स्वतःच रडत बसली. मी रडायचं, तर ही रडतेय!"

"झालं तुझं सुरू," खारूताई म्हणाली.

"हिला तर तो सीनच बघवत नाही. उडी आली की हमखास ही पाणी प्यायला उठणार. आज मात्र मी ती गोष्ट तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय हलणार नाही, सर."

हिरो खारूताईकडे बघेना. तंत्रज्ञ मुलीला हाक मारून म्हणाला, "आत दोन माईक लाव. कपडेपटाचंही बोलू थोडं."

आतल्या खोलीत, काचेच्या अलीकडे हिरो आणि खारूताई बसली, पलीकडे मुलगी आणि लेक. लाल दिवा लागला, सिनेमा सुरू झाला.

हिरो रंगात आला. पोरांनी प्राचार्यांच्या खुर्चीला चाकं लावली आणि त्यांना बसल्या जागी व्हरांडाभर पळवलं, तेव्हा म्हणाला, "ती खुर्ची खरंच थांबत नव्हती बरं का. प्राचार्य झालेले काका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत." काचेपलीकडे लेक पोट धरून हसत होती, आवाजाविना. खारूताईने सदऱ्यांचं सांगितलं. एकाच कापडाचे सहा शिवले होते, कारण पोरं रोज एक फाडायची. तिचा आवाज कोरडा होता, नजर पुढे येणाऱ्या दृश्यावर.

आणि गच्ची आली.

पोरांचा गलका. सायकल कठड्याकडे वळलेली. लेक खुर्चीतून पुढे सरकली आणि तिने कपाळ काचेला टेकवलं. ही गोष्ट तिला पाठ होती, तरी नव्याने ऐकायची होती.

"त्या दिवशी मी गच्चीवर चढलो," हिरो म्हणाला. ही गोष्ट त्याच्या तोंडून नेहमी अशीच निघायची.

तो थांबला. चाकं फिरायला लागली.

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी मंडपामागे उभा होतो. डोळे गच्च मिटून."

त्याने आपला माईक हाताने झाकला आणि हनुवटीने खारूताईच्या माईककडे खूण केली. सायकलने कठडा सोडला.

"ही मी," खारूताई म्हणाली.

त्याच क्षणी पडद्यावरून ती गाजलेली किंकाळी आली, "आई गंऽऽ!" पोरं अजूनही मोबाइलवर लावतात ती. मग मंडप फाटला, प्राचार्य झाकले गेले, टाळ्यांचा आणि भांड्यांचा एकच कल्लोळ झाला.

"ओरडतोय तो मी," हिरो माईकमध्ये म्हणाला. "तेसुद्धा महिन्याभराने. स्टुडिओत, खुर्चीत बसून, चहा पिऊन."

आधी खारूताईच्या खांद्यांना हसू फुटलं. ते खांद्यांत मावेना. ती मान मागे टाकून हसली, मग दोघंही हसायला लागली, आणि पडद्यावर पोरं कॉलेज डोक्यावर घेत राहिली, त्यांच्याविषयी कुणी अवाक्षर बोलेना.

काचेपलीकडे मुलीने काही न विचारता तो लाल गोल पुसून टाकला. वेणी तिथेच राहिली.

लेक उभी होती. हेल्मेट कधी खाली पडलं, तिला कळलं नव्हतं. ती पडद्याकडे बघायची, आईकडे बघायची, पुन्हा पडद्याकडे. जीभ नकळत लहानपणी गेलेल्या दाताच्या जागेवरून फिरली.

आतल्या स्पीकरमधून मुलीचा आवाज आला. "सर, चार सीन तसेच गेले. थांबवू का? पुन्हा घेऊ या?"

बटणावरचं तिचं बोट बाजूला सारून लेक वाकली. तिचा श्वास आधी ऐकू आला, मग आवाज.

"थांबवू नका. आई, तू बोल."

हिरोने खुर्ची थोडी मागे घेतली. खारूताईने पर्स मांडीवरून काढून जमिनीवर ठेवली, माईक जवळ ओढला.

"वारा समोरून होता," ती म्हणाली. "मास्तर म्हणत होते, वारा पडू दे, मग सायकल सोड. मी म्हटलं, कशाला?"