बादलीतले दगड

समुद्रातले जिवंत दगड पार्सलनं आले आणि ऋतुराजच्या घरातलं धड बोलणंच आटलं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत किती दगड घालायचे, यावरून नवरा-बायकोत जुंपली होती. त्या दगडांवरचे बारीक जीव पाणी शुद्ध ठेवतात, म्हणून सगळेच घालू, असा त्याचा हेका. माशांनी मग पोहायचं कुठं, हा श्रेयाचा सवाल. शेवटी निम्मे टाकीत गेले, निम्मे बादलीत खाऱ्या पाण्यात राहिले.

आज बिडकीनच्या कंपनीतून तो परतला तो हट्टाला पेटूनच. बूटही न काढता त्यानं बादलीवरचं झाकण उचललं. नुकतीच शाळेतून शिकवून आलेली श्रेया दिवा न लावलेल्या टाकीला पाठ लावून उभी राहिली.

"एक जरी दगड वाढवलास तर बघ."

त्यानं दगड उचलला आणि तो थिजला. दगडाला हळदीची बोटं लागली होती, कुंकवाचे ओघळ आले होते. बादलीतलं पाणी पिवळं झालं होतं.

"हे गेले सगळे," तो पुटपुटला.

"निम्मे टाकीत होते म्हणून वाचले," श्रेया म्हणाली. त्यानं पहिल्यांदाच तिच्या म्हणण्याला मान डोलावली.

पिशोरहून राहायला आलेली त्याची आई, आवडाबाई, दारात येऊन उभी राहिली.

"नवी वस्तू घरात आली, तर हळद-कुंकू नको व्हय? तुमाला भांडणातून सवड नाय. टाकीतल्या दगडांपर्यंत माझा हात काय पुरंना. मग वरूनच सोडलं मूठभर."