मुका 'पी' आणि खिडकीतलं हसू

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. आधी ऐका, मग माझा राग खरा की खोटा ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म छापखान्यातला. जुळाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा बसवला. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे आधी उच्चार, मग अर्थ, दोन्ही स्वच्छ देवनागरीत. कापडी बांधणी झाली आणि मी एका रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीत आलो. तिथे एक वयस्कर बाई असत. चिठ्ठीवरच्या आजाराचं नाव कुणाला कळलं नाही की त्या मला उघडत. "नाव अवघड आहे हो, दुखणं बरं होणारं आहे," असं म्हणत. काय मान होता मला!

त्या निवृत्त झाल्या आणि नवा कारकून आला. त्याला खुर्ची बुटकी पडत होती. त्याने मला उचललं, खुर्चीवर ठेवलं आणि वर बसला! एवढे हजारो शब्द बुडाखाली घेऊन हा गृहस्थ लोकांना अक्कल शिकवू लागला.

एका सकाळी एक गवंडी आपल्या लहान मुलीला खांद्यावर टाकून धावत आला. हाताचं सिमेंटही धुतलं नव्हतं. पोरीला धाप लागली होती. तिच्या छातीची घरघर मला खालीसुद्धा ऐकू येत होती.

"काय झालंय?" कारकुनाने विचारलं.

गवंड्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं एकेक अक्षर लावलं. "प... पन्यूमोनिया."

कारकून खो खो हसला. "काय, काय? परत सांगा बरं!"

"पन्यूमोनिया, साहेब. लवकर लिहा ना, पोरीला श्वास पुरेना."

"ऐकलंत का मंडळी? पन्यूमोनिया! होऊन जाऊ द्या आणखी एकदा!"

रांगेतलेही काही जण हसले. गवंड्याने मान खाली घातली. मुलीचं नाव विचारलं, तर तेही त्याच्या तोंडून फुटेना.

माझ्या पानापानाची लाही लाही झाली! अरे, तो 'पी' शब्दाच्या दारात ऐटीत उभा राहतो आणि ब्र काढत नाही, यात त्या बापाचा काय गुन्हा? ही त्याची जुनीच खोड. सायकॉलॉजी म्हणजे मानसशास्त्र, तिथेही तोच पहिला, आणि गप्प. न्यूमॅटिक म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं, तिथेही गप्प. पेन म्हणताना मात्र बरा कंठ फुटतो त्याला! लबाडी अक्षराची आणि हसायचं माणसाला?

तेवढ्यात थोरल्या सिस्टर आल्या. त्यांनी आधी मुलीचे ओठ पाहिले. "हिला ऑक्सिजन लावा, आत्ता! कागद मागाहून." मुलीला आत पोचवून त्या खिडकीशी परतल्या.

"उठा."

"अहो सिस्टर, मी जरा गंमत..."

"पोरीचे ओठ निळे पडलेत आणि तुम्हाला गंमत सुचते? उठा म्हणते ना!"

तो उठला. रांगेतलं हसू जागच्या जागी विरलं. सिस्टरांनी मला झटकलं, पान काढलं आणि बाकावर बसलेल्या गवंड्यासमोर धरलं. "न्यूमोनिया. फुप्फुसाला आलेली सूज. यातला 'पी' मुका आहे. तुम्ही लिहिलंय तसं वाचलंत, तुमचं काही चुकलं नाही."

मला हातात घेण्याआधी त्याने दोन्ही हात सदऱ्याला पुसले. पोरीचा श्वास सावरेपर्यंत तो ते पान पुन्हा पुन्हा वाचत होता.

सिस्टरांनी मला मुलीच्या खाटेशीच राहू दिलं. काही दिवसांनी ती उशीला टेकून बसली. "बाबा, मला काय झालं होतं?"

"न्यूमोनिया."

तिने माझ्या पानावर बोट ठेवलं. "पण इथे तर 'पी' आहे!"

"आहे, पण बोलत नाही."

"मग ठेवलाय कशाला?"

"ते बांधणाऱ्याला विचार, बाई. मी असतो तर ती वीट बसवलीच नसती!"

दोघं पोट धरून हसली. ते हसू मला गोड लागलं.

कारकुनाने माफी काही मागितली नाही. आजही मागितलेली नाही. मित्रांनो, माझं पान फाटलं तर खळ लावून चिकटवता येतं. पण भर रांगेत ज्याच्या उच्चाराला तुम्ही हसता, तो पुढच्या खेपेला दुखणं अंगावर काढतो आणि खिडकीपर्यंत येतच नाही.