पाझर तलावाची माती

सुचिताचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मे महिन्यातल्या एका सकाळी पुष्पांजली मॅडमची गाडी आमच्या दारासमोर थांबली. सुचिता आमची नात. तिची आई, माझी कोकिळा, बाळंतपणातच गेली. पोर आमच्याच अंगणात, कुंभाराच्या चाकाच्या बाजूला वाढली.

मॅडम बुलढाण्याच्या. धाड रोडवरच्या आपल्या शेतात त्या दर उन्हाळ्यात मोठ्या माणसांचं मातीकामाचं शिबिर घेतात. नागपूर-पुण्याकडचे चित्रकार, चित्रकलेचे मास्तर, दातांच्या एक डॉक्टरीणबाई, असे लोक येऊन राहतात. त्यांना चाक दाखवायला माझे मालक हवे होते.

"तुळशीरामकाका, तुम्ही नुसतं करत राहा. ते बघून शिकतील."

"येतो. पण बुढीले संग आणतो. माह्या चाकाची माती तेच तुडवते."

खरं कारण वेगळं होतं. यांच्या छातीत घरघर वाढली होती. जन्मभर मडकी भाजायच्या आव्याचा धूर गिळलेला. रात्री उठवून बसवायला मी जवळ लागायची.

शिबिरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या हातून एक पेला निसटला. ओसरीच्या पायरीवर टणकन वाजला आणि खाली मातीत गडगडत गेला. फुटला नाही. यांनी तो उचलला, नखानं वाजवून पाहिला, कानाशी धरला आणि मॅडमना विचारलं,

"हे फुटत नाही का, ताई?"

"फुटतं काका, पण सहजी नाही. आपल्या आव्यापेक्षा या गॅसच्या भट्टीची आग फार कडक. माती दगडासारखी होते."

जेवण झाल्यावर बाजेवर टेकून हे मला म्हणाले, "सुचिताले एक माठ करून देतो इथं."

"तिच्या घरी फ्रीज हाये."

"असू दे ना व. माहे मडके दोन उन्हाळे पुरत नाहीत. अन् मी किती पुरतो तेही तुले दिसूनच राह्यलं. तिच्या घरात माह्या हातचं काही राह्यलं पाह्यजे का नाही?"



दुसऱ्या दिवशी हे थैलीतली पांढरी माती घेऊन चाकावर बसले. माती गुळगुळीत, पिठासारखी. जरा फिरवली आणि थांबले.

"थैलीवर काय लिहेल हाये?"

मला अक्षरं उशिरा आली, तीही सुचितानंच शिकवली. मी जुळवून वाचलं. "गुजरात."

यांनी गोळा काढून बाजूला ठेवला. "सुचिताले गुजरातची माती देऊ का? पोट्टीनं लहानपणी आपल्या पाझर तलावाची माती भाकरीवानी खाल्ली. तेच देतो."

गावाकडून पोतंभर माती आली. मी राख मिसळून ती तुडवली. मॅडमनी पाहिली तशा त्या लगबगीनं आल्या.

"काका, ही माती या आगीत उभी राहायची नाही."

"जलमभर हिले जाळून राह्यलो ताई. हिची खोड मले माहीत हाये."

मॅडम घुटमळल्या. इतर लोकांना त्या सरळ रागवायच्या, भट्टीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. यांना मात्र नाही म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही. म्हणाल्या, "बरं. तुमची मर्जी."

माठ लहानच होता, पण यांच्या हातून एवढा नेटका माठ उतरलेला मी पाहिला नव्हता. आतून दगडी गोळ्याचा आधार, बाहेरून लाकडी थापी, हलक्या हातानं थापटत थापटत पोट वाढवलं. मधूनमधून खोकला आला की थापी दूर धरायचे, माठाला हिसका बसू नये म्हणून. भट्टी भरली तेव्हा तो वरच्या फळीवर गेला. खालच्या फळीवर खामगावच्या राजकुमार सरांचे पेले होते. सर चित्रकलेचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. शिबिरातलं त्यांचं सगळं काम तेवढंच.

भट्टी उघडायला सगळे जमले. हे अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले होते.

दार उघडलं. वरच्या फळीवर माठ नव्हता. गुळाचा पाक सांडावा तसं काळं-तांबडं, चकाकतं काहीतरी पसरलं होतं आणि फळीच्या कडेवरून ओघळून पेल्यांवर गोठलं होतं. पेले एकमेकांना चिकटून गेले होते.

यांनी वाकून खालच्या फळ्या पाहिल्या. मग हळूच विचारलं, "माठ दुसरीकडं ठेवला का, ताई?"

"काका, तोच आहे तो. वितळला."

यांनी चिकटलेल्या पेल्यांना बोट लावून पाहिलं. मग राजकुमार सरांकडे वळून हात जोडले. सरांनी ते हात धरले. "जाऊ द्या, तुळशीरामभाऊ. पुन्हा करीन मी."

तोवर मागचे लोक पुढे सरकले होते. "रंग काय आलाय बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठरवून असं होत नाही." कोणी फोटो काढू लागलं. मॅडमना वाटलं, यांना धीर द्यावा. "काका, हे आपण प्रदर्शनात मधोमध ठेवू. तुमच्या नावानं."

"जळून मेलेल्या माणसाचा रंग पाहत नाही कोणी," हे म्हणाले. "पुरून टाका त्याले."

फोटो थांबले. मॅडमचे डोळे भरून आले. "मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

"मी आयकलं असतं का?" हे म्हणाले आणि टोपी काढून घाम पुसला.

घरी आल्यावर चाकावर यांनी पोतं टाकलं. मी एकदोनदा माती तुडवून ठेवली. ती वाळली, तडकली. मग मीही सोडून दिलं.

नागपंचमीला सुचिता सासरहून, पिंपळगाव राजाहून आली. माठाचं मी तिला शिबिरातूनच फोनवर सांगितलं होतं. निघताना म्हणाली, "आबा, मले माठ देणार होते ना?"

"नाही जमला, माय. बजारातून घे एखादा."

"बजारातला काऊन? हाच द्या ना." तिनं यांच्याच हातच्या, आमच्या पाण्याच्या माठाकडे बोट दाखवलं.

"तो बुढा झाला. पाझरणं बंद झालं त्याचं. पाणी थंड नाही करत."

"मले पाणी भरायचंच नाही. घरात ठेवतो नुसता."

हे उठले. माठातलं पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं, आत हात घालून माठ घासला, तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तो त्यांनी जीपमध्ये सुचिताच्या मांडीवर ठेवला.

"ड्रायव्हरले सांग, हळू घे म्हणा."

त्या दिवशी आम्ही स्टीलच्या कळशीतलं पाणी प्यालो.

माझे मालक तुळशीराम त्याच वर्षी, २०२३ साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वारले.