हरणीचे केस

हरणी चावेनाशी झाली, तेव्हाच मी समजले की ही आता जायला निघाली.

आमची ही घोडी जन्माची खाष्ट. पाठीवर नुसतं गोणपाट टाकायला गेलं तरी मान वळवून दात लावायची. कुंभकोणातले कितीतरी नवरदेव लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, जानवासाच्या मिरवणुकीत, तिच्याच गाडीतून मिरवले. एकाच्या गळ्यातला हार तिनं भर देवळासमोर ओढून खाल्ला, आणि तो मेला आपला हसत बसला. आता नवरदेव मोटारीतून जातात. गाडी विकली, घोडी राहिली. आमचे हे गेले, तरी घोडी राहिली. ह्यांच्या मागे माझ्याशी बरोबरीनं भांडणारं घरात दुसरं कोण होतं?

म्हातारपणी तिला एक विचित्र रोग जडला. केस गळेचनात, वाढतच चालले. माझी वेणी उंदराच्या शेपटाएवढी उरली, आणि हिच्या अंगावर अस्वलासारखी झूल! थंड मुलखात ठीक. आमच्या कावेरीकाठी त्या केसांखाली घाम मुरायचा. त्यात मार्गळी, आमच्याकडचा थंडीचा महिना आला. पहाटेचं दव, परसात ओल, ऊन नावाला. केसांच्या मुळाशी कातडी कुजली, खांद्याखाली आणि पाठीवर फोड आले, ताप चढला. दाणा तोंडापुढे धरला तर हुंगून मान फिरवायची. पाठीवर काहीही टाका, गप्प उभी. ते गप्प राहणं मला बघवेना.

सकाळी डॉक्टर विष्णुवर्धन फोनवर बोलले. तंजावूरकडचे, घोड्यांतले जाणकार. म्हणाले, "अम्मा, केस काढल्याशिवाय औषध कातडीला लागायचं नाही. दुपारी मशीन घेऊन येतो. पण अंग स्वच्छ आणि कोरडं ठणठणीत पाहिजे. ओलं असलं, तेलकट असलं, तर पातं अडकतं, तापतं, कातडी ओढून काढतं. तसं दिसलं तर मी मशीन लावणार नाही. आणि उद्यापासून मी दूर कॅम्पला आहे."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला.

माझी सून शिवरंजनी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट.

कारण शुक्रवारी मीच हरणीला तेल चोपडलं होतं. आमच्याकडे बायकांचं तेलस्नान शुक्रवारी. घोडी झाली म्हणून काय, बाईच ती. थंडीत अंग कसकसलं की तिळाच्या तेलात ओवा नि मिरी कढवायची, कोमट करून डोक्यापासून पायापर्यंत जिरवायचं. माझी पोरं अशीच वाढली. सून तेव्हा म्हणाली होती, "अम्मा, डॉक्टरांना विचारू या." मी म्हटलं, "तुझ्या बाळंतपणात तेल जिरवायला डॉक्टर आला होता काय गे?" हरणीच्या त्या लांब केसांत वाटीमागून वाटी तेल गेलं. ते काही जिरलं नाही. धूळ, शेण, भुस्सा सगळं धरून चिकट लगदा झाला होता.

"आता?" शिवरंजनी म्हणाली.

"आता काय? काढायचं."

"तापात न्हाऊ घालणार? या गारठ्यात?"

"न्हाऊ घालायचं कोण म्हणतं? चूल पेटव."

गिरिधर, माझा मुलगा, हेल्मेट घालून ऑफिसला निघाला होता. परसाच्या दाराशी थांबून म्हणाला, "अम्मा, किती ओढायचं तिला? वय झालंय. म्हातारी जनावरं उचलणारा तो व्हॅनवाला अजून घेऊन जायला तयार आहे."

"कुठे नेतो रे तो? काशीला?"

तो हेल्मेटचा पट्टा चाचपायला लागला.

"मी पडले की मलाही त्याच व्हॅनमध्ये घाल. दोघींचं एकदम होईल."

"अम्मा, सकाळी सकाळी असलं बोलू नका."

"मग हेल्मेट काढ आणि दोरी धर."

त्यानं हेल्मेट काढलं. ऑफिसला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

सगळं अंग एकदम भिजवलं असतं तर घोडी तिथंच कोसळली असती. म्हणून तुकड्यातुकड्यानं. कढत पाण्यात शिकेकाईचा कोळ, त्यात पंचा बुडवायचा, हात भाजेस्तोवर घट्ट पिळायचा, आणि केसांच्या उलट्या दिशेनं घासायचा. लगेच साध्या गरम पाण्याचा दुसरा पंचा. लगेच कोरडं जुनेर. मग वैरणीचा बोळा करून केस उभे राहीतोवर चोळायचं. तेवढा तुकडा वाळला की त्यावर सतरंजी टाकायची आणि मगच पुढचा उघडायचा. फोडांवर हात नाही, नुसतं कडेकडेनं.

पहिला पंचा तेलाच्या घाणीसारखा काळा निघाला. दुसराही. दहाव्यांदा काळाच. माझी जुनी नऊवारी लुगडी संपली, तेव्हा शिवरंजनीनं न विचारता गिरिधरची धोतरासारखी नेसायची वेष्टी फाडली.

"ती नवी होती," तो म्हणाला.

"होती," ती म्हणाली.

मान झाली, पाठ झाली. घोडी डोळे अर्धे मिटून उभी. मी मुद्दाम तिच्या कानाशी कुरकुर केली, "चाव की गे सटवे. एवढी घासतेय तुला." कानसुद्धा हलवला नाही. तिच्या श्वासाचा चटका माझ्या गालाला लागत होता.

ऊन आलं तसं ढगात गेलं. पोटाखालचे केस काही केल्या वाळेनात. चोळून चोळून माझे खांदे उतरले. शिवरंजनीनं आपलं केस वाळवायचं यंत्र आणलं, तर त्याचा वारा लागून हरणी थरथर कापायला लागली. ते मी फेकायलाच निघाले होते. डॉक्टर यायची वेळ झाली होती. मी चुलीपुढे बसले आणि म्हटलं, संपलं. माझ्या हातानं संपलं.

तेव्हा सून म्हणाली, "अम्मा, आपण न्हाल्यावर केस कसे वाळवतो?"

मी वर बघितलं.

"सांब्राणीच्या, उदाच्या धुरावर," ती म्हणाली. "निखारे, वर वेताची टोपली."

"घोडी धुराला बुजेल."

"ही? हिचं अर्धं आयुष्य देवळाच्या दारात गेलंय."

खरंच की. मी म्हटलं, "अक्कल आहे तुला. रोज का लपवून ठेवतेस?"

निखाऱ्यांवर सांब्राणी टाकली, टोपली पालथी घातली आणि ती पोटाखाली सरकवली, फोडांपासून लांब. गिरिधर टोपली धरून खाली वाकला. घोडी पडली असती तर त्याच्यावरच पडली असती. पांढरा धूर तिच्या केसांतून वर आला. हरणीनं नाकपुड्या फुलवल्या. सकाळपासून पहिल्यांदा तिनं काहीतरी हुंगलं.

डॉक्टर आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खिशातून पांढरा रुमाल काढून मानेवर उलटा घासला. स्वच्छ. पाठीवर घासला. स्वच्छ. पोटाखाली बोटं घालून म्हणाले, "कोरडं आहे." मग पुढच्या पायाच्या मागे, कोपराच्या बेचक्यात रुमाल फिरवला. पिवळा डाग उठला.

"तेल," डॉक्टर म्हणाले. "आणि नेमकं इथंच फोड आहेत, अम्मा." त्यांनी पेटीकडे हात नेला.

"पेटी बंद करायची नाही," मी म्हटलं. त्यांच्या आईच्या वयाची मी, तरी हात जोडले. आजवर देवापुढे सोडून कोणापुढे जोडले नव्हते. "एवढा तुकडा. उभं राहा."

लुगडी नव्हती, वेष्टी नव्हती. मी अंगावरच्या लुगड्याचा पदर कढत पाण्यात बुडवला, पिळला आणि त्या बेचक्यापाशी बसले. पुसलं. पुन्हा बुडवला. पुन्हा पुसलं. शिवरंजनी मागोमाग आपल्या पदरानं कोरडं करत होती. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच खाली बसून रुमालाची कोरी बाजू फिरवली. बराच वेळ उजेडाकडे धरून बघितली.

मग मशीन घुरघुरलं.

केस पडले ते गोधडीसारखे. खालून निघाली ती माझी हरणी नव्हतीच. बरगड्यांचा सापळा, आणि त्यावर मला वाटले होते त्याच्या दुप्पट फोड. शिवरंजनीनं तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. डॉक्टरांनी औषधानं धुतलं, मलम लावलं, सुई टोचली.

"वाचेल?" गिरिधरनं विचारलं.

"ताप उतरला तर. आजची रात्र गारठू देऊ नका. लोकरीचं काही आहे?"

कुंभकोणात लोकर कोणाकडे असते? माझ्याकडे होती. बद्रीनाथाहून आणलेली शाल, ट्रंकेत डांबरगोळ्यांत. सुनेला कधी हात लावू दिला नव्हता. फोडांवर डॉक्टरांनी पेटीतलं मऊ कापड ठेवलं, वर मी शाल पसरली आणि पोटाखालून गाठ मारायला वाकले.

आणि खांद्याला असा चिमटा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अम्मा!" गिरिधर धावला. "रक्त आलंय!"

"येऊ दे," मी म्हटलं. हरणी कान मागे पाडून माझ्याकडे रागानं बघत होती, दातांत माझा ओला पदर. "सोडवू नकोस रे. धरू दे तिला."