अकरा काळे झगे

बुलेल्वानं माझे सात महिन्यांचे पैसे बुडवले आणि वर मलाच म्हणाली, "जा कोर्टात." तिला वाटलं, दुसरीतून शाळा सुटलेली म्हातारी कोर्टाचं नाव ऐकून डोक्याचा रुमाल सावरत घरात जाईल. मी दुसऱ्याच दिवशी टॅक्सीत बसून कारीएगा शहरातल्या कोर्टात गेले. अर्ज तिथल्या क्लार्क मुलीनं भरला, सही मी केली. सही मला येते.

माझं पाळणाघर क्वानोबुह्ले वस्तीत, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. पहाटे साडेपाचला बाया पोरं सोपवून कारखान्याच्या पाळीला पळतात. मदतीला शेजारीण माम्टोलो. सकाळी मक्याच्या पिठाची लापशी, दुपारी भरडलेला मका आणि घेवडा, बारा ते दोन झोप. बाटली कोणाची, पांघरूण कोणाचं, हे मला वाचून कळत नाही, म्हणून प्रत्येक पोराला एकेका रंगाची लोकर ठरवून दिली आहे. मनगटालाही तीच. बुलेल्वाच्या लेकीची, लिसाखान्याची, लोकर पिवळी.

बुलेल्वा कापडाच्या दुकानात सुपरवायझर. एप्रिलपर्यंत पैसे वेळेवर आले. मग मेपासून एकच पालुपद: "पुढच्या महिन्यात, मखुलू." मखुलू म्हणजे आजी. पोरं म्हणतात तेव्हा गोड लागतं.

नोव्हेंबर सरता सरता आमच्याकडे पोरांचं पदवीदान असतं. काळा झगा, चौकोनी टोपी, हातात गुंडाळलेला कागद, समोर रडणाऱ्या आया. झगे भाड्यानं आणायचे. मी रांगणाऱ्यालासुद्धा झगा घालते. उगाच कोणाचं तोंड पडायला नको.

माम्टोलो मला कुळाच्या नावानं हाक मारते. म्हणाली, "माडलोमो, पिवळ्या लोकरीला झगा देऊ नकोस. गल्लीत सगळीकडे तोच नियम आहे. फी नाही, झगा नाही. आई पळत येईल पैसे घेऊन."

"पैसे आईनं बुडवलेत. झगा पोरीचा आहे."

"मग बस बोंबलत."

बसले. जानेवारीत पोरगी मोठ्या शाळेत गेली, तिच्या जागी दुसरं पोर आलं, आणि मी समोरून आले की बुलेल्वा रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागली. पैशांपेक्षा ते जास्त झोंबलं. तिच्या पोरीला ताप असताना मी दोन दिवस पाठीला बांधून फिरले होते.

छोट्या दाव्यांचं कोर्ट संध्याकाळी पाचला बसतं. वकील लावता येत नाही, आपणच बोलायचं. माम्टोलो नवी शाल घेऊन सोबत आली. बाहेरच्या बाकावर ती क्लार्क मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली.

"आजी, पाळणाघराची नोंदणी आहे का?"

"तीनदा अर्ज केला. दोन संडास दाखवा, पक्की भिंत दाखवा, घराचा नकाशा दाखवा. नकाशा काय माझ्या बापानं काढून ठेवलाय?"

ती हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "मग किती पोरं विचारलं तर सहा सांगा. सहापर्यंत नोंदणी लागत नाही. जास्त सांगितलीत तर पैसे राहतील बाजूला, पाळणाघरालाच कुलूप लागेल."

माम्टोलोनं मला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस ना? सहा."

आत निवाडा करायला होफमायर नावाचे वकील होते, पांढऱ्या मिशांचे. शेजारी दुभाषा. बुलेल्वा ओठ रंगवून आली होती. तिलाच आधी विचारलं.

"साहेब, एप्रिलनंतर मी मुलीला यांच्याकडे पाठवलंच नाही. आणि यांच्याकडे परवाना नाही. बिनपरवाना धंद्याचे पैसे मागता येत नाहीत, मी फोनवर वाचलंय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

होफमायर माझ्याकडे वळले. "आजी, हे उत्तर तुमच्यावर उलटू शकतं. विचार करून सांगा. किती मुलं सांभाळता?"

सहा म्हणायला मी तोंड उघडलं, आणि पोरं एकेक करून डोळ्यांपुढे आली. सहाच ठेवायची तर पाच गाळावी लागणार. कोणती पाच? रांगणारं लाल लोकरीचं? की निळ्या लोकरीचं, ज्याची आई रात्रपाळी करून येते आणि माझ्या दारातच उभ्या उभ्या झोपते? माझ्याकडे पोटभर जेवलेल्या पोराला, तू नव्हतासच, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

"अकरा," मी म्हणाले.

मागे माम्टोलोनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"अकरा. नावं सांगू? आणि कागद नाही माझ्याकडे. कागद असलेलं पाळणाघर आमच्या गल्लीत कोणी उघडलं असतं तर मी कशाला उठले असते पहाटे चारला?"

बुलेल्वा हरखली. "बघा! कबूल केलं. माझ्याकडे पुरावापण आहे. मोजा तुम्हीच." तिनं फोन पुढे केला. पदवीदानाचा फोटो होता.

होफमायरनी चष्मा लावला, बोट ठेवून ठेवून मोजले. "अकरा. सगळे झग्यात." मग थांबले. "ही पुढे मधोमध उभी, पिवळ्या लोकरीची, ही कोण?"

बुलेल्वाचा चेहरा उजळला. आईच ती शेवटी. "माझी लिसाखान्या! भाषण तिनंच केलं साहेब, एवढ्या लोकांसमोर, एक शब्द..." आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"फोटोवर तारीख अठ्ठावीस नोव्हेंबर आहे. तुम्ही एप्रिल म्हणालात."

"त्या दिवशी ती... पाहुणी म्हणून आली होती."

"अगं बाई, पाहुणीकडून भाषण पाठ कोणी करून घेतलं?" मी म्हणाले. "तीन आठवडे घासलंय. 'मान्यवर पाहुणे' आलं की तुझी पोरगी माझ्या पाठीमागे लपायची!"

दुभाष्याला आधी हसू आलं, मग त्यानं साहेबांना सांगितलं.

निकाल लांब नव्हता. नोंदणीचं काय ते आजी आणि सरकारी खातं बघून घेतील. पोर सांभाळून घेतलंय, तर मोल द्यायचं. तीन हजार एकशे पन्नास रँड, महिन्याला साडेचारशेच्या हप्त्यानं.

"झग्याचं भाडं अर्जात नाही, आजी."

"नकोच. झगा पोरीला मी आपणहून घातला होता."

बाहेर पायऱ्यांवर बुलेल्वानं मला गाठलं. "घे पैसे. पण खात्यात तक्रार करणार मी. अकरा तुझ्याच तोंडून निघालेत."

"कर. पत्ता नीट लिही, नाहीतर भलत्याच्या दारात जातील बिचारे."

माम्टोलो टॅक्सीतून उतरताना म्हणाली, "गाढव आहेस." मग म्हणाली, "उद्या लापशीला दूध मी आणते."

बुलेल्वाचे पहिले साडेचारशे आले. मी त्यात थोडी भर घालून विटा घेतल्या आणि फाटकापाशी रचल्या. पुढच्याच आठवड्यात खात्याची तरुण बाई फाईल घेऊन आली, दुपारी साडेबाराला.

"दोन वाजता ये. पोरं झोपली आहेत."

"आजी, मी सरकारी कामावर आहे."

"मीही कामावरच आहे. आवाज खाली."

ती दोनपर्यंत विटांवर बसून राहिली. मग आत आली. भांडी बघितली, बिछाने बघितले, लोकरी हातात घेऊन बघितल्या. संडास एकच आहे हेही बघितलं.

"सहा महिन्यांत दुसरा संडास आणि भिंत झाली पाहिजे," ती म्हणाली. "नाही झाली तर बंद करावं लागेल." पेन उघडून ती जराशी घुटमळली. "मुलं किती लिहू? सहा लिहिलं तर आजच फाईल मिटवता येईल मला."

"तू बसली होतीस ना, त्याच विटांचा होणार आहे संडास," मी म्हणाले. "अकरा लिही. नाही, थांब. सोमवारी एकीचं बाळ यायचंय. बारा लिही."