दारातला झेंडू

लोधिवलीच्या पॉलिहाऊसमधली ढोबळी मिरची जागृतीने एकटीने वाढवली होती. शेंड्याची पानं वर वळलेली दिसली, तेव्हा तिने एक फूल तोडून पांढऱ्या कागदावर झटकलं. बारीक पिवळे फुलकिडे सैरावैरा पळाले. तिचा धाकटा दीर साईनाथ शेत बघायला मुंबईचे पाहुणे आणायचा, आणि त्यांच्या फोटोंसाठी त्याने पॉलिहाऊसच्या दारात झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या. तिने झेंडू झटकला, तर त्यातही तेच किडे.

"भावोजी, कुंड्या आजच बाहेर काढा, आणि दार लावत जा."

"रविवारी पावणे येतायत, वहिनी. मग काढू."

रविवार गेला, कुंड्या राहिल्या. तिने निळे चिकट सापळे टांगले, निंबोळी अर्क फवारला. तरी मिरच्या वेड्यावाकड्या, खरबरीतच निघाल्या. शेवटी ती झाडं उपटायला बसली, तेव्हा सासरे आले.

"तुला नाय जमलं. आता जागा साईनाथला देतो."

"मामंजी, कीड कुंड्यांतून आली."

"फुलांनी कुठं पीक जातं गं?"

साईनाथ शेजारीच उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं, पण तो पाहुण्यांसाठी जागा पावलांनी मोजू लागला.

आता तिथे पाहुण्यांच्या पंगती बसतात, आणि वाढायला जागृतीलाच हाक मारतात.