माझ्यामागचे हात

मित्रांनो, मी कराटेच्या वर्गातली एक जुनी ढाल आहे. लढाईतली लोखंडी नव्हे. उशीसारखी जाड, काळ्या रेक्झिनची, पाठीला हात अडकवायचे दोन पट्टे असलेली. एकाने मला छातीशी धरायचं आणि दुसऱ्याने माझ्यावर लाथ मारायची, एवढंच माझं काम. तेव्हा लाथा खाण्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो गिळून मी फार दिवस गप्प बसले.

कारखान्यात माझ्या पोटात स्पंजाचे तीन थर भरले गेले आणि मी या दुसऱ्या मजल्यावरच्या, आरशाच्या भिंतीच्या खोलीत आले. वर्ग चालवणाऱ्या बाई कडक, पण मला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. पहिली दहा वर्षं मानात गेली. नेमकी लाथ बसली की "धप्प!" असा आवाज घुमायचा आणि सगळे वळून बघायचे. कौतुक मात्र लाथ मारणाऱ्याचं. मला धरून पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी "वा!" म्हटल्याचं मी एकदाही ऐकलं नाही.

हळूहळू माझा स्पंज विरला. शिवण उसवली, तिच्यावर चिकटपट्टी बसली. नव्या ढाली आल्या आणि मी कोपऱ्यात गेले.

एके संध्याकाळी वर्ग गच्च भरला होता. शिंपीणकाकूंना येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पन्नाशीच्या काकू, दिवसभर मशीनवर वाकून पाठ धरते म्हणून येत. बाईंनी त्यांची जोडी दातांच्या डॉक्टरांशी लावली. डॉक्टर आठ वर्षं शिकलेले, महिन्याभरावर काळ्या पट्ट्याची परीक्षा.

"बाई, माझी परीक्षा तोंडावर आलीय," डॉक्टर कुरकुरले. "जरा तयारीचं कुणीतरी द्या ना."

"नवख्या माणसाबरोबर सराव करता येणं हीसुद्धा तयारीच आहे," म्हणून बाई पुढच्या जोडीकडे गेल्या.

नव्या ढाली इतरांनी उचलल्या होत्या. उरले ती मी. डॉक्टरांनी मला चाचपलं, बोट सहज आत रुतलं, तरीही त्यांनी मला काकूंच्या हातात कोंबलं.

"कशी धरू?" काकूंनी विचारलं.

"अहो, धरा हो कशीही. फक्त हलू नका."

कशीही! कोपर अंगाशी घ्या, एक पाय मागे रोवा, ढाल छातीला टेकवा. तीन वाक्यांचं काम होतं. आठ वर्षं शिकलेल्या माणसाला तीन वाक्यं जड झाली! काकूंनी मला अंगापासून लांब धरलं. पहिल्या लाथेला त्या दोन पावलं मागे गेल्या. दुसरीनंतर म्हणाल्या, "थांबा हं जरा." डॉक्टरांचं लक्ष आरशात. तिसऱ्या लाथेचा जोर माझ्यातून आरपार गेला. काकूंचं मनगट पट्ट्यात पिरगळलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

आणि डॉक्टर काय म्हणाले? "ही ढालच कुचकामी आहे. मी काय करणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं खापर माझ्या माथी!

बाईंनी मनगटाला बर्फ लावला आणि मान वर न करता विचारलं, "ढाल विरलीय हे कळलं होतं?"

"हो, म्हणजे... हाताला जाणवलं होतं."

"मग एवढी ताकद का लावलीत?"

डॉक्टर माझी चिकटपट्टी चाचपू लागले. बोलल्या त्या काकू. "डॉक्टर, गेल्या वर्षी मी तुमच्या खुर्चीत बसले होते. सुई टोचायच्या आधी तुम्ही तीनदा विचारलंत, काकू, तयार ना? इथे मी तोंडाने थांबा म्हटलं, तेही तुम्हाला ऐकू आलं नाही. शाळेचे चाळीस गणवेश शिवायचेत मला. कुठल्या हाताने शिवू?"

बाईंनी डॉक्टरांचं नाव परीक्षेतून काढलं. तीन महिने त्यांनी फक्त ढाल धरायची, तीही नव्या विद्यार्थ्यांसाठी. सुरुवातीला ते फुरंगटून उभे राहत. मग नवख्यांच्या वेड्यावाकड्या लाथा त्यांच्या कोपरावर, गुडघ्यावर बसल्या आणि त्यांचा तोरा उतरला.

काकू महिन्याने परतल्या. निम्मे गणवेश तोवर दुसरीकडे गेले होते. डॉक्टर पुढे होऊन म्हणाले, "काकू, चुकलं माझं."

"चुकलंच," काकू म्हणाल्या. 'असू द्या' म्हणाल्या नाहीत. मला फार बरं वाटलं.

मला आता भंगारात काढलंय, आणि ते योग्यच आहे. माझ्यात कुणाला वाचवायची ताकद उरलेली नाही. काकूंचं मनगट पिरगळायच्या आधी हे कुणी बघितलं असतं तर! मित्रांनो, आमच्या शिवणी वेळेवर तपासत जा. आणि लाथ किती जोरात बसली याचं कौतुक आता पुरे. ती झेलणारं माणूस उद्या सकाळी आपल्या कामाला जाऊ शकेल का, ते आधी बघा.